आतला पदर

"हात काढा आता," मी म्हणाले.

ती हलली नाही.

जमिनीवर ठेवलेल्या स्ट्रेचरवर एक अवजड बाई निपचित पडली होती. तिच्या शेजारी दुसरी एक काटकुळी बाई गुडघ्यांवर बसून तिच्या पोटावर दोन्ही तळवे दाबून होती. तळव्यांखाली लुगड्याच्या काठाची जाड घडी होती, रक्तानं वाळून खापरासारखी कडक झालेली.

"अहो, मी डॉक्टर आहे. बघू द्या मला."

"सोडलं तर आतलं भाईर येतंय," ती म्हणाली. आवाज पार बसलेला होता. "कालच्यान धरलंय."

खांद्यावर घोंगडी टाकलेला एक ठेंगणा माणूस पुढे झाला. "गव्यानं खुपसलं, डॉक्टरीणबाई. काल सकाळच्या पारी. माजी बायकू हाय ही, ठकू. ही धरून बसलीय ती माज्या धाकल्या भावाची बायकू, सगुणा."

राधानगरीच्या वरच्या अंगाला एका ट्रस्टचं छोटं हॉस्पिटल होतं, तिथे मी नुकतीच सर्जन म्हणून रुजू झाले होते. मागे जंगल, समोर धरणाचं पाणी. विंचू, साप, झाडावरून पडणं, अस्वलाचं ओरबाडणं हे सगळं मी तोवर पाहिलं होतं. गव्याचं शिंग पाहिलं नव्हतं. झोऱ्यांचा धनगरवाडा धरणाच्या पलीकडे पार आत होता. दसरा जवळ आला होता तरी पावसानं पायवाट खाल्लेली होती. माणसांनी घोंगडीची डोली करून ठकूबाईला पाण्याच्या कडेकडेनं अख्खा वळसा घालून आणलं होतं. अंधार पडल्यावर एका वाडीत थांबले, उजाडताच पुन्हा निघाले. खांदेकरी बदलत गेले. पोटावरचे हात मात्र बदलले नव्हते. सगुणा डोलीबरोबर वाकून चालत आली होती.

मी तिच्या शेजारी बसले आणि तिची बोटं एकेक करून उचलली. ती आखडून गेली होती. आमच्या सिस्टर लोबोंनी तिचं मनगट धरून हलकेच चोळलं, तेव्हा कुठे तळवे सुटले.

खाली, बेंबीच्या डाव्या बाजूला, शिंगानं केलेलं भोक होतं. त्यातून मूठभर काहीतरी बाहेर आलेलं होतं. पिवळट, मऊ, जाळीदार. लोण्याच्या गोळ्यावर कुणी बारीक लाल दोऱ्यानं भरतकाम करावं तशा त्याच्यावर रक्तवाहिन्या पसरल्या होत्या. भोकात ते इतकं घट्ट बसलं होतं की त्याच्या बाजूनं थेंबभरही काही झिरपत नव्हतं.

"आतडं हाय का ते?" ठकूबाईच्या नवऱ्यानं, धाकलू झोऱ्यानं विचारलं.

"नाही. चरबी आहे. पोटातली."

"मंग बरं म्हनायचं का वंगाळ?"

"ते आत गेल्याशिवाय नाही कळायचं."

नाडी धावत होती, रक्तदाब खाली होता, अंग तापलेलं. सलाईन, इंजेक्शनं सुरू केली आणि भूल देणाऱ्या डॉ. मुजावरांना निरोप धाडला. ते गावातच राहायचे. वयानं माझ्या वडिलांएवढे, फारसे बोलायचे नाहीत. त्यांनी ठकूबाईला पाहिलं, पापणी उघडून बघितली आणि मला बाजूला घेतलं.

"कोल्हापूरला पाठवा, बाई. गव्याचं शिंग आहे. आतडं फुटलेलं असणार. कालपासूनची घाण पोटात पसरली असेल. वर ही एवढी चरबी. भूल द्यायला अवघड, तुम्हाला दिसायलाही अवघड."

"रस्त्यात हिचं काय होईल?"

घाटात दरड आली होती, एसट्या दुसऱ्या बाजूनं फिरून जात होत्या. त्यांनाही ते माहीत होतं.

"रक्त?" त्यांनी विचारलं.

"दोन बाटल्या जमतील."

"मग चला," ते म्हणाले आणि शर्टाच्या बाह्या दुमडायला लागले.

शिकत असताना आम्हा सर्जन लोकांना चरबीचा मनापासून वैताग असायचा. ती निसटते, हातात धरवत नाही, रक्तस्राव लपवते, टाका घातला तर फाटते. जाड पेशंट टेबलावर आला की आमचे सर सुस्कारा टाकायचे, "आज खाणकाम आहे." आम्ही हसायचो. चरबी म्हणजे मधली अडगळ, ती बाजूला सारून खऱ्या शरीरापर्यंत पोचायचं, असंच माझ्या डोक्यात बसलं होतं.

मी बेंबीच्या वरून खाली उभा छेद घेतला. कातडीखाली चरबीचा जाड थर उघडा पडला. कणसाच्या दाण्यांसारखे पिवळेधमक दाणे दाटीवाटीनं बसलेले, आणि दाण्यांच्या मधून कोळ्याच्या जाळ्याहून नाजूक पांढरे धागे गेलेले. शिंगाची वाट या थरातून स्पष्ट दिसत होती. ते सरळ आत गेलेलंच नव्हतं. चरबीत शिरून ते कलंडलं होतं, तिच्यातून आडवं घसरत गेलं होतं, आणि सगळा जोर तिथे संपल्यावर टोक तेवढं खाली उतरलं होतं.

"सडपातळ बाई असती तर पाठीतून निघालं असतं," मी म्हणाले.

मुजावरांनी नुसतं हुं केलं. त्यांचं लक्ष नाडीकडे होतं.

चरबीच्या खाली पांढरं पटल लागलं. चिवट, चकचकीत, मागावरून नुकत्याच उतरलेल्या कापडासारखं. तंतू एकमेकांना छेदून विणलेले. पोटाची सगळी ताकद या पटलात असते. स्नायू ओढतात, पण धरून ठेवतं ते हे. त्यालाही शिंगानं चीर पाडली होती, पण ती पुढे फाटत गेली नव्हती. आडव्या तंतूंनी तिला जागच्या जागी अडवलं होतं.

मी पटल उघडलं आणि श्वास रोखून धरला. फुटलेल्या आतड्याचा वास कुणी एकदा घेतला की विसरत नाही. सिस्टर लोबोंनी घाण ओढून घेणारी नळी हातात तयार ठेवली होती.

वास आला नाही.

"काय आहे?" मुजावरांनी पडद्यापलीकडून विचारलं.

"काही नाही. स्वच्छ आहे."

"स्वच्छ? कसं शक्य आहे?"

मलाही ते समजेना. जठराच्या खालच्या काठापासून चरबीचा एक पातळ पडदा आतड्यांवर लोंबत असतो. लुगड्याचा पदर पोटावरून सोडावा तसा. प्रत्येकाला असतो, लुकड्याला विरळ, जाड्याला दाट. आम्ही पोट उघडलं की पहिलं काम म्हणजे तो वर सरकवायचा आणि खालचं बघायला लागायचं. ठकूबाईचा पदर मात्र जागेवर नव्हता. उजवी बाजू जवळजवळ रिकामी होती. सगळाच्या सगळा डावीकडे गोळा झाला होता. त्याचं एक टोक पोटाच्या भिंतीतल्या भोकात शिरून बाहेर आलं होतं. तेच सगुणाच्या हाताखाली होतं.

मी राहिलेला भाग उचलून बघितला. तो उचलला जाईना.

खाली लहान आतड्याचं एक वेटोळं होतं आणि पदर त्याला गुंडाळून बसला होता. एक फेरा, त्यावर दुसरा. फुटक्या नळाला घाईघाईनं चिंधी बांधतात तसं नव्हे. तान्ह्या पोराला दुपट्यात गुंडाळतात तसं, कडा आत दुमडून. मी बोटाच्या टोकानं एक कड सोडवायला लागले. ती चिकटलेली होती, पण ओल्या कागदासारखी हळूहळू सुटत गेली. शेवटची घडी निघाली आणि आतड्यातल्या भोकातून हिरवट पाणी भसकन वर आलं.

मी पटकन बोट ठेवलं. अंगठा जाईल एवढं ते भोक मोठं होतं. काल सकाळपासून ते तसंच होतं. डोलीच्या प्रत्येक हिसक्याला, वाडीतल्या त्या मुक्कामात, आज दुपारपर्यंत. आणि बाहेर काही आलं नव्हतं.

मी थांबले.

"बाई?" मुजावर म्हणाले. "काही अडचण?"

"नाही. तुम्ही एकदा बघा."

"मी नळी सोडून कसा..."

"एक क्षण. बघाच."

ते स्टुलावर चढले, पडद्यावरून वाकले. मी बोट न हलवता दुसऱ्या हातानं पदर पुन्हा आधीसारखा गुंडाळून दाखवला. तो आपण होऊनच जणू जागेवर बसला. त्याच्यावरच्या बारीक वाहिन्या फुगलेल्या, लालबुंद होत्या, आणि प्रत्येक ठोक्याला थरथरत होत्या.

"सुभानल्ला," मुजावर हळूच पुटपुटले.

सिस्टर लोबोंच्या हातांवर निर्जंतुक हातमोजे होते, त्यांना क्रुसाची खूण करता येईना. त्यांनी नुसते डोळे मिटले.

पुस्तकात मी हे वाचलेलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं, मार्कही मिळाले होते. श्वासानं आणि आतड्यांच्या हालचालीनं हा पडदा पोटात सरकत असतो. जिथे सूज, जिथे जखम, तिथे चिकटतो. रक्त पुरवतो, जंतूंशी लढणाऱ्या पेशी आणून सोडतो. सगळं ठाऊक होतं. पण बाहेर माणसं डोली उचलावी की थांबावं म्हणून भांडत असताना, रस्ता शोधत असताना, या बाईच्या काळोख्या पोटात हे बिनबोभाट चाललं होतं, हे मला कुठल्याही पानावर दिसलं नव्हतं. देवळाच्या गाभाऱ्यात अचानक दिवा लागावा तसं काहीतरी मला झालं होतं.

"रक्तदाब उतरतोय," मुजावर खाली उतरून म्हणाले. "आता आवरा."

मग मी भराभर कामाला लागले. आतडं शिवलं. टाक्यांवर तोच पदर पुन्हा पांघरला आणि दोन-तीन ठिकाणी सैलसा अडकवला, कारण राखण त्याच्याइतकी चांगली मला करता येणार नव्हती. बाहेर आलेला मूठभर तुकडा मातीनं, लुगड्याच्या धाग्यांनी मळला होता, काळवंडला होता. तो कापायलाच हवा होता. कात्री हातात घेतली आणि उगाचच जरा रेंगाळले. सिस्टर लोबोंनी माझ्याकडे बघितलं, पण काही म्हणाल्या नाहीत. मग कापला. पोट धुतलं. पांढरं पटल जाड धाग्यानं काठाला काठ मिळवून शिवलं. टाका तिथेच धरतो; चरबीत धरत नाही, मांसात कापत जातो.

बाहेर आले तेव्हा ऊन कलंडलं होतं. व्हरांड्यात धाकलू उकिडवा बसला होता. सगुणा खांबाला टेकून उभी होती, हात पुढे तसेच अर्धवट धरलेले.

"आहे," मी म्हणाले. "आत्ता तरी आहे. पुढचे काही दिवस काढायला हवेत."

सगुणा मटकन खाली बसली आणि तिला हुंदका फुटला.

ते दिवस सोपे गेले नाहीत. ठकूबाईला ताप चढला, पोट फुगलं. मी सकाळ-संध्याकाळ तिच्या पोटाला स्टेथोस्कोप लावायची, आत आतड्यांचा आवाज येतो का ते ऐकायला. धाकलू माझ्या तोंडाकडे बघत उभा असायचा. एके दिवशी सकाळी आत गुडगुड ऐकू आली, आणि दुपारी तो धापा टाकत ओपीडीत घुसला.

"डॉक्टरीणबाई, वारा सरला तिचा!"

बाकावरचे पेशंट हसायला लागले. मला मात्र त्याच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. आतडं जागं झालं होतं.

त्यानंतर ठकूबाई बोलायला लागली, आणि एक विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली. सगुणा खाटेपासून हलत नव्हती. अंग पुसायची, वेणी घालायची, पेज भरवायची. पण सगळं मुक्यानं. आणि मी राऊंडला गेले की ठकूबाई म्हणायची, "डॉक्टरीणबाई, तिला म्हनावं, जेवून घे कायतरी. कालपास्नं च्यावर हाय."

मी सगुणाकडे बघायची. ती खाटेच्या त्याच बाजूला, हातभर अंतरावर उभी असायची.

"डॉक्टरीणबाई, त्यास्नी सांगा, मला भूक न्हाई."

पहिल्यांदा वाटलं, त्यांच्याकडची काही रीत असेल. शेवटी धाकलूला विचारलं. तो ओशाळला.

"रीत कसली! बोलत न्हाईत दोघी. वरीस झालं आसंल. लग्नघरी चार मान्सांत ही सगुणा म्हनली, आमच्या थोरलीच्या म्होरं लोन्याचं मडकं ठेवाया भ्या वाटतंय, मडक्यासकट खाईल. सगळी हासली. ठकू बी हासली. पर घरला आली आन हिच्याशी बोलनं टाकलं. चूल येगळी केली."

"आणि मग गवा?"

"ते तीच सांगंल."

ठकूबाईनं ते मला टाके काढायच्या दिवशी सांगितलं. दोघी शिकेकाई आणायला निघाल्या होत्या. बोलणं नसलं तरी रानात एकटीनं जायचं नाही, म्हणून एक पुढे, एक मागे. सगुणा पुढे. वळणावर करवंदीच्या जाळीआड वासरू घेऊन गव्याची मादी उभी होती. सगुणाला ती दिसली नव्हती. ठकूबाईला दिसली. मादीनं मान खाली घातलेलीही दिसली.

"हाक का नाही मारलीत?" मी विचारलं.

"हाक मारायची म्हंजे बोलावं लागलं आसतं," ठकूबाई म्हणाली. "त्यापरीस धावले मदी."

खाटेच्या पायथ्याशी सगुणा उभी होती. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. धाकलू घोंगडीच्या दशा मोजल्यासारखं करत बसला.

मी शेवटचा टाका काढला. जखमेची रेघ गुलाबी, उंचावलेली आणि घट्ट होती. बोटानं दाबून बघितली. फाटलेल्या काठांमध्ये नवे तंतू भरून आले होते, कुणी न सांगता. मग मी खाटेच्या कडेला बसले आणि ठकूबाईला मी आत काय पाहिलं ते सांगितलं. कठीण शब्द न वापरता, जमेल तसं. वरच्या चरबीत शिंग कसं कलंडलं. आतड्याला केवढं भोक पडलं होतं. आतला पदर कसा सरकत गेला, त्यानं भोक कसं गुंडाळून धरलं. दुसरं टोक भिंतीतल्या भोकात कसं बुचासारखं बसलं. आणि त्याच्यावर बाहेरून सगुणाचे हात.

"आत ते आणि बाहेर ही," मी म्हणाले. "मी आले ती सगळ्यात शेवटी."

"ती चरबीच?" ठकूबाईनं विचारलं. "जिला समदी हासत्यात ती?"

"तीच."

"मला बी आसंल का ती?" सगुणा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली.

"सगळ्यांना असते. तुम्हाला जरा कमी."

"तुला कुठली आसायला," ठकूबाई म्हणाली. "तुजं पोट पाठीला लागलंय. घरला गेल्यावर रोज लोनी खायचं माज्या म्होरं बसून. कळलं का, सगुणे?"

सगुणा वळली. ती पुढे आली, खाटेच्या कडेला डोकं टेकलं आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशी रडायला लागली. ठकूबाई तिच्या डोक्यावर थोपटत राहिली, मध्येच मला म्हणाली, "हासवू नगा आन रडवू नगा, बाई, आत वढ बसतीय." धाकलू उठून व्हरांड्यात गेला.

रडं ओसरल्यावर ठकूबाई पुन्हा माझ्याकडे वळली. तिच्या मनात अजून तेच घोळत होतं.

"म्हंजे मी बेसुद व्हते. ह्यो वाट हुडकत व्हता. तुमी आजून ठाव बी न्हवता आमाला. आन ते आत येकलंच राबत व्हतं."

"हो."

"त्याला कुनी सांगितलं?"

मी तोंड उघडलं. सूज, पेशी, रसायनं, सगळं जिभेवर आलं. ते खरंही होतं. पण तिनं विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. हे उत्तर तिला पटल्यासारखं दिसलं.

"आन त्याला काय म्हनायचं?"

"वपा म्हणतात. वैद्यकाच्या पुस्तकात..."

"नाव न्हाई हो इच्यारलं." ती जरा वैतागलीच. "एवडं केलं त्यानं माज्यासाटी. त्याला म्हनायचं काय?"

ती माझ्या उत्तरासाठी थांबली नाही. उशीवर मान टेकून तिनं डोळे मिटले, आणि तिचे ओठ हलायला लागले. काय म्हणत होती ते ऐकू येत नव्हतं, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच. मी आवाज न करता उठले आणि बाहेर येऊन दार लोटून घेतलं.